अधिकारातला माणूस

फौजदारांनी बसायला खुर्ची दिली आणि उत्तमराव त्या खुर्चीकडे पाहतच राहिला. बडनेऱ्याच्या स्टेशनात रुळांचे काटे बदलणाऱ्या पॉइंटमनची नोकरी करता करता त्याने खुर्च्या पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या उचलल्या होत्या, पुसल्या होत्या, साहेब येणार म्हणून उन्हातून सावलीत नेल्या होत्या. पण कुणी अंमलदाराने स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे सरकवून ‘बसा’ म्हणावं, असं कधी घडलं नव्हतं. गाडीत बसल्यापासून त्याने मनाशी दुसरंच ठरवत आणलं होतं. ठाण्यात शिरताना टोपी काढायची, हात जोडायचे, शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, एखादी बसलीच तर सोसायची, आणि मग साहेबाचा राग ओसरला की बहिणीचं विचारायचं. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तसतसं त्याचं अंग त्या मारासाठी आवळून तयार होत गेलं होतं. आता ते आवळलेलं अंग घेऊन तो खुर्चीच्या कडेवर टेकला, आणि त्या अंगाचं पुढे काय करायचं हे त्याला कळेना.

निरोप चंद्रभानने पाठवला होता. चंद्रभान म्हणजे जमुनेचा दीर. ‘किसन गेला, जमुनाले ठाण्यात नेलं,’ एवढाच निरोप. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितलेल्या, जणू एकीतून दुसरी निघावी तशा. किसनरावाचा मळा अकोल्याला मोर्णेच्या काठी होता. वांगी, मेथी, कडेला शेवंती. जमुनेचं लग्न जमवायला उत्तमराव पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली होती, आणि मोट ओढणारे बैल चांगले तेल लावल्यासारखे चकाकत होते. त्याने मळा पाहिला, पाणी पाहिलं. माणूस पाहायचा राहिला, असं त्याची बायको लीलाबाई नंतर म्हणायची. किसनराव वयाने बराच मोठा होता, दमेकरी होता, आणि त्याचा हात चालायचा. हे सगळं हळूहळू कळत गेलं, तोपर्यंत जमुना त्या मळ्याची होऊन गेली होती. परवा दुपारी किसनराव मळ्यातच जेवला. जेवल्यावर घसा सुकला म्हणाला, मग हवेत काहीतरी धरू लागला, माणसं ओळखेना, आणि दिवस कलायच्या आत गेला. बांधावर धोतरा माजलेला होता. चंद्रभान तसाच ठाण्यावर गेला, आणि भावजयीने जेवणातून धोतरा घातला असं लिहून देऊन आला.

“चहा घ्या,” फौजदार म्हणाले. ते नागपूरकडचे होते. आवाज मऊ, मिशी बारीक कापलेली, बोलताना टेबलावरची दौत सारखी सरळ करायची सवय. “तुम्ही मोठे भाऊ ना?”

“हाव जी.”

“आईबाप?”

“तापाच्या साथीत गेले. मीनंच वाढवलं तिले.”

“म्हणजे बापाच्या जागी.” त्यांनी दौत सरळ केली. “हे पाहा, उद्या तिला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचंय, आणि बाई काहीच बोलत नाही. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. बाईमाणसाला आम्ही हात लावत नाही. तुम्हीच पाहाल तिला. पण गप्प राहून ती स्वतःचंच नुकसान करून घेते आहे. नवरा मारायचा हे आम्हालाही कळलंय. रागाच्या भरात माणसाच्या हातून होतं. सरकार काही दगड नाही. जो बोलतो त्याच्यावर दया करता येते. जो बोलतच नाही, त्याच्यावर कशी करणार? तुम्हीच सांगा.”

उत्तमरावला ते पटलं. नंतर किती वेळा त्याने हे बोलणं मनात उलटंपालटं करून पाहिलं, त्यात खोटं कुठे शिरलं ते शोधलं; पण त्या वेळी त्या मऊ आवाजात त्याला कुठेच खडा लागला नाही. उलट, इतका वेळ आवळलेलं अंग एकदम सैल पडलं. त्या सैलपणात जवळजवळ आनंद होता, आणि त्या आनंदाची लाज वाटण्याइतकंही भान त्याला राहिलं नाही. एवढा मोठा अंमलदार आपल्याला विचारतो आहे. आपल्याशिवाय याचं अडलं आहे. बहिणीसाठी काही करता येण्यासारखं आहे, आणि ते फक्त आपल्यालाच करता येण्यासारखं आहे. चहा गोड होता. तो त्याने बशीत ओतून, आवाज न करता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

जमुनेला ठाण्यामागच्या खोलीत ठेवलं होतं. दाराशी एका शिपायाची बायको आशाबाई वाती वळत बसली होती. त्याला पाहून ती उठून बाहेर गेली. जमुना भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसली होती. कुणी मारल्याची खूण नव्हती. बोटांच्या पेरांत मळ्यातली माती अजून तशीच काळी बसलेली होती. ती वर पाहून नुसती म्हणाली, “दादा.”

“जेवली का तू?”

“हाव.”

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. लहानपणी तिला काही विचारायचं असलं की असाच बसायचा, डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला आणून. “जमे, गप नको राहू. फौजदार साहेब चांगला मानूस हाय. सांगून दे.”

“काय सांगू?”

“तो मारत होता न तुले?”

“मारत होते.”

“मंग राग आला असन.”

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. “आला असन,” ती म्हणाली.

“रागात मानसाच्या हातून होऊन जाते. थेच सांगून दे मजिस्टर साहेबापाशी. बोलनाऱ्यावर सरकार दया करते.”

“मंग घरी येईन मी?”

“येशीन न. बडनेऱ्याले. लीला वाट पाहून राहिली.”

तिने गुडघ्यावरचं लुगडं नीट केलं. थोड्या वेळाने म्हणाली, “तू सांगतं त सांगते.”

खरंच धोतरा घातला का, हे त्याने विचारलं नाही. ते शब्द तोंडाशी आले होते; पण बहिणीला असं विचारायचं म्हणजे तिच्या अंगावर आपल्या हाताने चिखल टाकण्यासारखं वाटलं. आणि न विचारताच काम होत होतं. तो बाहेर आला तेव्हा फौजदार उभे होते. त्यांनी काही विचारलंही नाही, फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात गरम होता.

दुसऱ्या दिवशी तिला मॅजिस्ट्रेटपुढे नेलं. मॅजिस्ट्रेट तरुण होते आणि नियमाचे पक्के होते. त्यांनी सगळ्या पोलिसांना आवाराबाहेर घालवलं, दाराआडसुद्धा एक शिपाई राहू दिला नाही. तिला एका रिकाम्या खोलीत बसवलं, जवळ एक म्हातारी झाडूवाली ठेवली, आणि दुपारपर्यंत विचार कर, घाई नाही, असं सांगून ते दुसऱ्या कामाला लागले. उत्तमराव बाहेर निंबाखाली बसला होता. त्याला कुणी उठवलं नाही. तो पोलीस नव्हता. पट्टेवाल्याने उलट, ऊन सरकलं तसं त्याला अलीकडे, खिडकीसमोर, सावलीत येऊन बसायला सांगितलं. खिडकीला गज होते. गजांमागे जमुनेचं तोंड दिसत होतं, आणि तिला तो दिसत होता. त्याला वाटलं, हे बरं झालं. एकटी घाबरली असती. आपण समोर आहोत तर धीर राहील.

निंबाची पिवळी पानं अंगावर पडत होती. त्या लांबच लांब सकाळी त्याला काय काय आठवत राहिलं. भातकुलीजवळचं त्यांचं घर. एकाच आठवड्यात आई आणि बाप नेऊन पोचवल्यावर त्या घरात राहिलेले ते दोघं. रात्री ती त्याच्या धोतराचा सोगा मुठीत धरून झोपायची. शेजारच्या गोदाबाईचा पितळी तांब्या हरवला होता, तेही आठवलं. गोदाबाईने दारात येऊन पोरीचं नाव घेतलं होतं. तो तिच्यासमोर असाच उकिडवा बसून म्हणाला होता, घेतला असशीन त सांग, मी मारत नाई. आणि ती हो म्हणाली होती. त्याने खरंच मारलं नव्हतं. उचलून कडेवर घेतलं होतं. लोक म्हणाले होते, भाऊ असावा तर असा. ही आठवण आली तेव्हा त्याला बरं वाटलं. खरं बोललं की माणूस सुटतो, हे त्यांच्या घरातच एकदा घडून गेलं होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं. जमुना गजाला कपाळ टेकवून त्याच्याचकडे पाहत होती. त्याने मान हलवली. सांग, भिऊ नको, अशी. तिनेही मान हलवली आणि मागे सरली.

जबाबाला फार वेळ लागला नाही. तिला बाहेर आणलं तेव्हा तो उठून पुढे झाला. त्याला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, घेऊन जा. पण शिपायांनी तिला दुसऱ्याच बाजूने नेलं. तो त्यांच्यामागून चालत राहिला, फाटकापर्यंत. फाटकाशी त्याने एका शिपायाला विचारलं, कुठं? जेलात, शिपाई म्हणाला. जमुनेने एकदाच वळून पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. सांगितलेलं काम झाल्यावर पोर वळून पाहतं तसं होतं ते. तो ठाण्यावर गेला. फौजदार गर्दीत उभे होते. “आता ते कोर्टाचं काम,” ते म्हणाले. आवाज कालच्यासारखाच मऊ होता. “आपण आपल्याकडून केलं.”

परतीच्या गाडीत तांब्याची उरलेली गोष्ट त्याला आठवली. गाडी बोरगावला उभी होती आणि समोर एक बाई नळावर भांडं विसळत होती. तिच्या हातातून भांडं निसटलं, आणि त्या आवाजासरशी सगळं एकदम वर आलं. घेतला तर कुठं टाकला, असं त्याने विचारलं होतं. पोरीला सांगता येईना. मग तोच म्हणाला होता, विहिरीत पडला का? आणि ती म्हणाली होती, हाव, विहिरीत. उन्हाळ्यात गाळ काढला तेव्हा विहिरीत तांब्या निघाला नाही. तो पुढे गोदाबाईच्याच लेकीकडे सापडला, सासरी भरून दिलेल्या भांड्यांत. तेव्हा सगळे हसले होते. तोही हसला होता. जमे, मंग तू हाव काहून म्हनलं, असं त्याने विचारलं होतं, आणि तिने खांदे उडवले होते. डबा माणसांनी भरलेला होता. समोरचा माणूस कापसाच्या भावाबद्दल काही विचारत होता. उत्तमराव त्याला मान हलवून हो हो म्हणत राहिला.

घरी लीलाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती चुलीपुढे बसली होती. ऐकता ऐकता तिने जाळ मागे ओढला. “अन् थो धोतरा त त्यायच्या चिलमीतच राहे,” ती म्हणाली. “दमा होता न त्यायले. वाळलेला पाला चिलमीत वढत. दिवाईले आली तवा जमुनाबाईनंच मले सांगतलं होतं. आराम नाई पडला का पानी करून बी पेत, मनत होती.” आणि मग, भाकरीचं पीठ हातावर तसंच ठेवून, “तुमी विचारलं नाई का तिले?”

त्याने डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली. लीलाबाईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी नेहमीसारखीच बोलायची, पण काही विचारायचं असलं की आधी क्षणभर थांबायची. ते थांबणं त्याला ऐकू यायचं. यार्डात काटा पाडताना, रूळ खडखडून जागेवर बसताना, त्याच्या मनात तेच चालायचं: आपण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? पण याच्या पुढे विचार गेला की पायाखालची खडी सरकल्यासारखं व्हायचं. विचारलं असतं तरी तिने आधी आपल्या तोंडाकडेच पाहिलं असतं.

अमरावतीचे वामनराव वकील म्हातारे होते आणि सरळ बोलायचे. त्यांनी जबाबाची नक्कल आणवली, चष्मा वरखाली करत वाचली. “मॅजिस्ट्रेटने कुठे बोट ठेवायला जागा ठेवलेली नाही,” ते म्हणाले. “तू बोललीच पाहिजे असं नाही, हे सांगितलंय. बोललीस तर ते तुझ्यावर उलटेल, हेही सांगितलंय. न बोललीस तरी पोलिसांकडे परत धाडणार नाही, इतकं स्पष्ट सांगितलंय. पोलिसांनी मारलं का? नाही. भीती घातली का? नाही. आमिष दाखवलं का? नाही. कुणी शिकवलं का? नाही. सगळं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “खरं बोलली हो ती. पोलिसांनी काहीच केलं नाही. केलं ते तुम्ही.”

“हाव जी,” उत्तमराव म्हणाला. “मले कोर्टात थेच सांगू द्या.”

वामनरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, तेवढाच एक रस्ता आहे. फौजदाराने तुम्हाला मध्ये घातलं, तुमच्या तोंडून दयेचं आमिष दाखवलं, असं उभं करता आलं तर जबाब पडतो. आणि जबाब पडला की उरतं काय? चंद्रभानचा संशय. रसायन तपासणाऱ्याला तर पोटात विष सापडलंच नाही. फक्त झाडपाल्याचं विष नेहमी सापडतंच असं नाही, अशी एक ओळ त्याने लिहून ठेवली आहे. “पण तिनेही सांगायला हवं,” ते म्हणाले. “भावाने सांगितलं म्हणून मी बोलले, एवढंच. मी जेलात जाऊन तिला समजावतो.”

ते गेले, दोनदा गेले. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा बाहेरच्या ओट्यावरच बसले आणि पाणी मागितलं. ती ऐकायला तयार नव्हती. दादाचं नाव मी घेत नाई, एवढंच म्हणत होती. वामनरावांनी सांगितलं, दादाच तुला सांगतो आहे, घे म्हणून. त्यावर ती म्हणाली, दादा मले वाचवाले स्वतः जेलात जाऊन राहिला का? वकिलांनी शपथ घेऊन सांगितलं की भावाला काही होणार नाही. तिने मान खाली घातली. वकिलाच्या शपथेवर तिचा विश्वास नव्हता, आणि भावाला तिच्यापुढे आणायला त्या वेळी परवानगी मिळाली नाही. साक्षीदार होता तो.

सेशन कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा आपली साक्ष होईपर्यंत उत्तमरावला बाहेर बसावं लागलं. आत जमुना होती, आणि मधलं दार बंद होतं. या वेळी तिला तो दिसत नव्हता. जजसाहेबांनी तिला विचारलं, हा जबाब तू दिलास का? वामनरावांनी नंतर सांगितलं की ती कोर्टभर डोळे फिरवत राहिली, बाकांवर, दारावर, वर पंख्याच्या दोरीकडेसुद्धा. आणि मग, कुणीच सापडलं नाही तशी, हो म्हणाली. भावाने काही सांगितलं होतं? नाही. दादानं मले काहीच सांगतलं नाई.

मग त्याला पुकारलं. पिंजऱ्याच्या लाकडाला किती माणसांच्या हातांचं तेल लागलेलं होतं. ते गुळगुळीत लाकूड धरून त्याने सगळं सांगितलं, एक शब्द मागे न ठेवता. राग आला असन, हे मीच म्हणालो. घरी येशीन, हे मीच म्हणालो. सांगताना त्याला वाटलं, आता काहीतरी हलेल. सरकारी वकील उठले. त्यांना घाई नव्हती.

“फौजदारांनी तुम्हाला मारलं?”

“नाई जी.”

“शिवी दिली?”

“नाई.”

“तुमच्या बहिणीला सोडून देतो, असं म्हणाले?”

तो थांबला. ते शब्द फौजदार म्हणाले नव्हते. “असं नाई म्हनले.”

“मग त्यांनी केलं काय?”

“खुर्ची देल्ली,” उत्तमराव म्हणाला. “चहा पाजला.”

कोर्टात हशा पिकला. जजसाहेबही किंचित हसले. जमुना मात्र आरोपीच्या जागेवरून त्याच्याकडे भीतीने पाहत होती, जणू आता आरोपी तोच आहे आणि त्याचं काही बरंवाईट होणार आहे. तिने दोन्ही हातांनी त्याला खूण केली. गप राहा, अशी.

साक्ष झाल्यावर त्याला आत बसू दिलं. पेशकाराने जबाब वाचून दाखवला. शुद्ध, लिहिण्याच्या मराठीत होता तो. “माझा नवरा मला मारत असे. मला राग आला. रागाच्या भरात माझ्या हातून झाले.” उत्तमराव ऐकत राहिला. त्यात जमुनेचं एकही वाक्य नव्हतं. त्याचंच होतं सगळं, त्याच्याच क्रमाने. फक्त धुऊन, इस्त्री करून आणलेलं. आणि तरी पुढे एक ओळ होती, “बांधावरचा धोतरा आणून वाटला,” ती त्याची नव्हती. ती कुठून आली? मॅजिस्ट्रेटने विचारलं असेल, कशाने मारलंस, आणि धोतऱ्याचं नाव तर ठाण्यात सगळ्यांच्याच तोंडी होतं. का ती तिची स्वतःची होती? त्या एवढ्या जबाबात तेवढी एकच ओळ खरी होती का? तो समोर बसलेल्या बहिणीकडे पाहत राहिला. कोण आहे ही, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आणि हे आता आपल्याला कधीही कळणार नाही, हेही त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं. ते कळायची एकच जागा होती, आणि तिथे आपण आधीच आपले शब्द भरून ठेवले.

निकाल इंग्रजीत होता. वामनरावांनी तो त्याला कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून समजावून सांगितला. साक्षीदार सख्खा भाऊ आहे, बहिणीसाठी तो काहीही बोलेल. शिवाय आरोपी स्वतःच त्याचं म्हणणं नाकारते. आणि तो म्हणतो ते क्षणभर खरं धरलं, तरी कायदा म्हणतो की आमिष किंवा भीती ही अधिकारातल्या माणसाकडून आलेली असली पाहिजे. “भाऊ हा अधिकारातला माणूस नव्हे,” वामनराव म्हणाले, आणि कागद घडी करून ठेवला. “असं लिहिलंय.”

उत्तमरावने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. फौजदाराचा अधिकार होता, मॅजिस्ट्रेटचा होता, जजसाहेबाचा होता. ते सगळे मिळून तिला म्हणत होते, बोलू नकोस तरी चालेल. आणि ज्याच्या एका मान हलवण्यावर ती बोलली, त्याच्याजवळ अधिकार नव्हता. लहानपणापासून तिने काय खावं, कुठे बसावं, कुणाच्या घरी जावं, ते कोण ठरवत आलं होतं? हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. पायऱ्यांवरून माणसं चढत उतरत होती. वामनराव नागपूरच्या अपिलाचं बोलू लागले होते, आणि तो हो जी, हो जी म्हणत होता.

बाई, तीही तरुण, आणि नवरा मारकुटा, म्हणून फाशी दिली नाही. जन्मठेप झाली. नागपूरला अपील गेलं आणि फेटाळून आलं. मळा चंद्रभानकडे गेला. जमुनेला अमरावतीच्या जेलात आणलं, तेव्हा बडनेऱ्याहून तिथे जाणं सोपं झालं. भेटीची परवानगी मिळेल तेव्हा तो जायचा. पहिल्या भेटींत दोघं जवळजवळ गप्पच असायचे. ती लीलाबाईची खुशाली विचारायची, तो सांगायचा. दादा तुले काही तरास त नाई न देल्ला त्यायनं, हे मात्र ती दर वेळी विचारायची.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला, तेव्हा ती जाळीशी आली आणि त्याने काही विचारायच्या आत बोलू लागली. बायकांच्या बराकीमागे भाजी लावायची होती आणि पहारेकरणीने तिला त्या कामावर घातलं होतं. “इथची माती चिबड हाय दादा,” ती म्हणाली. “पानी मुरतच नाई. पहिली मेथी त सारी सडून गेली. मंग मीनं वाफे उंच करवले, राख टाकली. त्या पार्बताबाईले काही समजत नाई, ते आपली भसाभस पानी सोडते.” ती बोलत होती, हातांनी वाफ्याची उंची दाखवत होती, मध्येच स्वतःशी हसत होती. इतकं लांब, इतकं आपल्या मनाने बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. अंगानेही ती भरली होती. तिच्या आवाजात एक बारीक खरखर होती. ती आधीपासूनच असावी, आपल्या लक्षात आली नव्हती. आता विचारावं, असं त्याला वाटलं. आज ती बोलते आहे. आज खरं सांगेल.

“जमे,” तो म्हणाला. “एक विचारू?”

ती थांबली. हात खाली आले. “विचार न.”

“त्या दिवशी... मळ्यात...”

तिचे डोळे त्याच्या तोंडावर येऊन बसले आणि तिथे काहीतरी हुडकू लागले, कपाळावर, ओठांपाशी. क्षणापूर्वीची ती मातीबद्दल बोलणारी बाई कुठे गेली ते कळलंच नाही. “सांगते न दादा,” ती म्हणाली. “काय सांगू?”

त्याला कळलं, की आपल्या चेहऱ्यावर आशेची नुसती छटा जरी उमटली तरी ती नाही म्हणेल. आणि संशयाची उमटली तर हो म्हणेल. आणि दोन्ही वेळा ती अगदी मनापासून म्हणेल. जाळीच्या दोन्ही बाजूंना ते तसे उभे राहिले. पलीकडे कुणीतरी दळत होतं, जात्याची घरघर येत होती.

“काई नाई,” तो म्हणाला. “राहू दे. मेथीचं सांगत होती न तू. मंग उगवली का?”

ती जरा वेळ तशीच, त्याचा अंदाज घेत राहिली. “खरंच सांगू?”

“सांग न.”

मग ती आधी अडखळत आणि पुढे पुढे सरळ सांगू लागली, कशी उगवली, कशी पहिली जुडी साहेबाच्या बंगल्यावर गेली. पहारेकरणीने वेळ झाल्याची हाक दिली तरी ती बोलतच होती. आत नेताना तिने मागे वळून पालकाच्या वाफ्याबद्दल आणखी काहीतरी सांगितलं, पण मध्ये दार आलं होतं, आणि ते त्याला नीट ऐकू आलं नाही.